जुना रस्ता फेकू नका: महामार्ग रुंदीकरणात शाश्वत काम नेमकं कुठे असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या एका राष्ट्रीय महामार्गाचं चौपदरीवरून सहापदरीकरण सुरू होतंय. त्या कामावर नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण अभियंता ताईंकडे कंपनीने 'शाश्वतता' हा विषय सोपवला आहे. त्या विचारतात, "झाडं लावणं आणि टोलनाक्यावर सोलर बसवणं याच्या पलीकडे या कामात खरोखर काय करता येतं? आणि ते वरिष्ठांच्या गळी कसं उतरवायचं?"

ताई, मी २८ वर्षं रस्त्याच्या कामात आहे. त्यातली बरीचशी सोलापूर आणि सातारा रस्त्यावर गेली. तुमचा प्रश्न मनापासून आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलर जरूर बसवा, दिवे एलईडी करा. त्यात वाद नाही आणि अडचणही नाही. पण महामार्गाचं काम म्हणजे मुळात ओझं वाहण्याचं काम आहे. कागद घ्या आणि तुमच्याच पॅकेजचा, म्हणजे कंत्राटातल्या रस्त्याच्या तुकड्याचा, एक किलोमीटर मांडून बघा. दोन्ही बाजू मिळून ८ मीटर रुंदी वाढली आणि जीएसबी, डब्ल्यूएमएम हे खालचे खडीचे थर आणि वरचे डांबरी थर मिळून जाडी ६०० मिलिमीटर धरली, तर ४,८०० घनमीटर माल लागतो. भराव यात धरलेलाच नाही. वजन साडेदहा हजार टन. एका हायवात (मोठ्या डंपरमध्ये) १८ टन धरले तर साडेपाचशे-सहाशे फेऱ्या. खडी फोडणारा क्रशर ३० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटर रस्त्यासाठी गाड्या ३५ हजार किलोमीटर पळणार. लिटरला ३ किलोमीटर धरले तरी जवळपास १२ हजार लिटर डिझेल झालं. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की टोलनाक्याच्या छपरावरचं सोलर किती जागा व्यापतं ते आपोआप कळतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच: माल कुठून येतो आणि जुना माल कुठे जातो?

आधी जुन्या मालाचं बघू, कारण रुंदीकरणाच्या कामात तो तुमच्या पायाखालीच असतो. नव्या आखणीच्या रस्त्याला ही सोय नसते. एका बाजूचा ७ मीटरचा डांबरी पृष्ठभाग ५० मिलिमीटर खरवडला तर किलोमीटरमागे ३५० घनमीटर, म्हणजे आठशेच्या वर टन माल निघतो. त्यात ५ टक्के डांबर धरलं तर ४० टन डांबर झालं. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची, एकदा चाळलेली, भाजलेली, तपासून पास झालेली खडी. मी नवखा होतो तेव्हा हा माल सर्रास साइडपट्टीवर पसरला जायचा, गावातल्या कुणाच्या तरी आवारात टाकला जायचा, नाहीतर सरळ ओढ्यात ढकलला जायचा. आज आयआरसीच्या, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, आयआरसी:१२०-२०१५ मध्ये डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची पद्धत दिलेली आहे आणि लवचिक, म्हणजे डांबरी, रस्त्यांच्या आयआरसी:३७-२०१८ या संहितेत खरवडलेल्या मालाचा थर डिझाइनमध्ये धरताही येतो. मुभा नाही असं कुणी म्हणालं तर ही दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवा.

पण मुभा असणं आणि काम नीट होणं यात फार अंतर आहे. एका कामावर आम्ही रस्ता खरवडणारं मिलिंग मशीन लावून रात्रपाळीत भरपूर माल काढला आणि डांबर-खडी गरम मिसळणाऱ्या हॉटमिक्स प्लांटच्या आवारात उघड्यावर ढीग लावला. मे महिना होता. दुपारच्या उन्हात ढिगाच्या वरच्या भागातलं डांबर मऊ पडून एकमेकाला चिकटलं, आणि जूनच्या पहिल्या पावसात आत पाणी मुरलं. जुलैत लोडरने बादली घातली तर माल सुटाच होईना, चपलेच्या तळव्याएवढे गठ्ठे निघत होते. ते ड्रममध्ये गेले की नुसती वाफ. पाणी उडवण्यातच बर्नरचं इंधन जळत होतं आणि मिक्सचं तापमान हाती लागत नव्हतं. जे वाचवायला निघालो ते इंधनातच घालवून बसलो. त्यानंतर मी तीन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. ढिगावर पत्र्याची शेड, खाली उताराचा पक्का फलाट, आणि मिलिंग होताच माल चाळून बारीक-जाड असे दोन ढीग. शेडचा खर्च एका पावसाळ्यात निघतो.

किती टक्के जुना माल घालायचा हे प्लांटवर ठरतं. साध्या बॅच प्लांटमध्ये जुना माल थंडच मिसळावा लागतो, म्हणून १०-१५ टक्क्यांपुढे तापमान सांभाळणं जड जातं. जुन्या मालासाठी वेगळा ड्रम असेल तर ३० टक्क्यांपर्यंत निर्धास्त जाता येतं. जुनं डांबर वर्षानुवर्षं उन्हात राहून कडक झालेलं असतं, म्हणून सोबत नरम ग्रेडचं डांबर किंवा रिज्युव्हिनेटर (जुनं डांबर नरम करणारं द्रव्य) घ्यावं लागतं आणि ते लॅबमध्ये मिसळून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. वरच्या थरात बसणार नाही तेवढा माल सर्व्हिस रोडला, साइडपट्टीला, सिमेंट घातलेल्या खालच्या थरात वापरा. सगळ्यात वरचा मानाचा थर मिळाला नाही म्हणून तो टाकाऊ ठरत नाही.

आता नवीन खडी. पुण्यात खडी म्हटलं की वाघोली आणि मोशीच्या खाणी डोळ्यांसमोर येतात. त्या भागातल्या टेकड्यांचं काय झालंय ते तुम्हाला हमरस्त्यावरूनही दिसतं. खडी लागणारच, पण किती लागावी हे डिझाइनच्या टेबलावर कमी करता येतं. खालचे थर सिमेंटने बांधून घेतले, म्हणजे सीटीएसबी आणि सीटीबी (सिमेंट मिसळलेले पायाचे दोन थर) केले, तर एकूण जाडी बऱ्यापैकी उतरते. मात्र यात दोन्ही बाजू बघा. सिमेंट तयार होतानाच भरपूर कार्बन सोडतं, त्यामुळे खडी वाचली म्हणजे सगळंच वाचलं असं नाही. वाहतूक लांबची असेल तर सिमेंटचा थर फायद्यात, क्रशर दहा किलोमीटरवर असेल तर कदाचित नाही. तुमच्या साइटचा हिशेब तुम्हीच करायचा. शिवाय हा थर तडकतो. ते तडे वर डांबरात येऊ नयेत म्हणून मध्ये ताण शोषणारा थर द्यावा लागतो, आणि सात दिवस ओल राखून त्यावर गाडी चढू द्यायची नसते. पुणे-सोलापूरसारख्या रस्त्यावर, जिथे बाजूलाच डायव्हर्जन चालू असतं, तिथे हे सात दिवस पाळणं हीच खरी कसोटी असते. पाचव्या दिवशी कुणीतरी बॅरिकेड सरकवतं आणि भरलेला ट्रेलर त्यावरून जातो. तो थर मग दहा वर्षं त्याची शिक्षा भोगतो.

काँक्रीटच्या कामात स्लॅग (पोलाद कारखान्याची मळी) किंवा फ्लायॲश (वीज केंद्राची राख) मिसळलेलं सिमेंट घ्यायला आता कुणाची ना नसावी. स्लॅगसाठी रायगडमधल्या डोलवीचा पोलाद कारखाना फार लांब नाही. फ्लायॲशबाबत तर ३०० किलोमीटरच्या परिघातल्या रस्त्यांच्या कामांनी ती वापरावी असा केंद्राचा नियमच आहे, आणि नाशिकजवळचं एकलहरे वीज केंद्र पुण्यापासून त्या परिघात येतं. पण भरावासाठी राख दोनशे किलोमीटरवरून आणण्याआधी वाहतुकीचं डिझेल मोजा. परतीच्या रिकाम्या गाडीतून आली तर गोष्ट वेगळी. प्लॅस्टिकचंही तसंच. कोरड्या पद्धतीने, गरम खडीवर डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के कापलेलं प्लॅस्टिक घालायची पद्धत आयआरसीने २०१३ पासून दिलेली आहे आणि ती चालते. प्लॅस्टिक स्वच्छ, कोरडं, सारख्या तुकड्यांत मिळतंय का, एवढंच बघा. पीव्हीसी त्यात जाता कामा नये.

काळ्या मातीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण हडपसर ओलांडून पुढे गेलात, यवत, दौंड, इंदापूर, बारामतीकडे, की तुमची गाठ तिच्याशीच आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगण्याचा निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर गेला की रस्तेबांधणीच्या सरकारी विनिर्देशांप्रमाणे ती भरावात चालत नाही. मग सवयीने काय होतं? माती काढून टाका, मुरूम आणा. म्हणजे काढलेल्या मातीचा एक प्रवास आणि मुरमाचा दुसरा, वर एक टेकडी कमी. याऐवजी ३ ते ५ टक्के चुना मिसळून तीच माती जागेवर सुधारता येते. चुना घातला की माती दिवसभरात चिकटपणा सोडते, हातात रव्यासारखी होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. फक्त दोन पथ्यं आहेत. चुना वाऱ्यावर उडून मजुरांच्या डोळ्यांत, नाकात जाऊ नये म्हणून मास्क, चष्मा आणि वारा पडलेली सकाळची वेळ. आणि मातीत सल्फेट किती आहे ते आधी तपासणं, कारण सल्फेट जास्त असेल तर चुन्यामुळे उलट फुगवटा येतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, जिथे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी चोपण झाल्या आहेत, तिथे ही तपासणी चुकवू नका.

माती आणायचीच असेल तर ती कुठून आणावी याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी लागणारी माती-मुरूम गावतळी, नाले, बंधारे खोल करून घेतली गेली. महामार्गाला माल मिळाला, गावाला पाण्याचा साठा. बुलढाणा पॅटर्न म्हणून तो देशभर गेला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात, दौंड-बारामती-इंदापूर-पुरंदरमध्ये, गाळाने भरलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. सुरुवातीलाच ग्रामपंचायतींना भेटा, ठराव घ्या, तलावाच्या तळाचे नमुने लॅबला लावा. वरचा गाळ भरावात चालणार नाही, तो शेतकरी स्वतः घेऊन जातील. त्याखालचा मुरूम तुमचा. पण खोदाई किती मीटरवर थांबवायची हे भूजलाच्या माणसाला विचारा. खालचा पक्का थर फोडला तर तलाव पाणी धरणार नाही आणि गाव तुम्हाला कायम नावं ठेवील, ते योग्यच असेल.

जाता जाता वरच्या सुपीक मातीचं. विनिर्देशांत १५० मिलिमीटरपर्यंतची वरची माती अलगद काढून २ मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात जपून ठेवा असं लिहिलेलं आहे. ही ओळ फार कमी साइटवर पाळली जाते. ज्या जमिनीत पिढ्यानपिढ्या शेणखत पडलं ती माती तुम्ही भरावाच्या तळाशी गाडता आणि दोन वर्षांनी दुभाजकात झाडं लावायला विकतची माती आणता. संपादन झालेल्या शेताची ती माती त्याच शेतकऱ्याच्या उरलेल्या तुकड्यावर टाकून दिली, तर त्याच्या तोंडावर जो समाधानाचा भाव येतो तो मी बघितला आहे.

पाणी. मुरूम दाबायला घनमीटरमागे शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतंच. १२ मीटर रुंद, १ मीटर उंच भरावाच्या एका किलोमीटरला १२ हजार घनमीटर माल, म्हणजे १४ लाख लिटरच्या आसपास, दहा हजार लिटरचे एकशे चाळीस टँकर. एप्रिल-मेमध्ये, ज्या गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, त्याच गावातल्या विहिरीवरून हे टँकर भरले जातात. मला हे कधीच सहन झालं नाही. उपाय खर्चिक नाहीत. भरावाचं जास्तीत जास्त काम ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घ्या, तेव्हा खाणीतला मुरूम मुळातच ओला असतो. रस्त्यावर पाणी शिंपडण्यापेक्षा खाणीतच आदल्या संध्याकाळी वाफे करून पाणी मुरवा, बाष्पीभवन बरंच कमी होतं. धूळ बसवायला आणि भरावाला पुणे महापालिकेच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी घ्या. काँक्रीटला तेच वापरायचं तर आधी तपासणी हवी. लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आणि क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटची ओल टिकवायला, कंपाउंड वापरा. गोणपाट भिजवत बसण्याचे दिवस गेले.

आता सांगतो ते तुमच्या यादीत बहुतेक नसेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसांच्या आयुष्याशी जोडलेलं आहे. ओढे आणि रस्त्याखालून त्यांचं पाणी नेणाऱ्या मोऱ्या.

रुंदीकरणात जुनी मोरी दोन्ही बाजूंना लांबवायची एवढंच बहुतेक ड्रॉइंगमध्ये असतं. ९०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा नळ) असेल तर त्याला तसाच पुढे पाइप जोडायचा. पण ती मोरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या शिवारासाठी बांधलेली असते. वर आता प्लॉटिंग झालं, गोदामं आली, डोंगर कापले गेले, पाणी मुरायची जागा गेली. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ मायलेकी रस्त्यावर आलेल्या लोंढ्यात वाहून गेल्या, कारण वरचा डोंगर फोडला गेला होता आणि ओढ्याची वाट बुजली होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात काय केलं ते तुम्हालाही आठवत असेल. अडवलेलं पाणी वाट शोधतं, आणि महामार्गाचा भराव हा कित्येक किलोमीटर लांबीचा बांधच असतो.

यवतच्या पुढे एका कामावर मी अशाच एका मोरीपाशी लेव्हल घेत होतो. पंच्याहत्तरीचे एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, यंत्र राहू द्या जरा. इकडं या." ओढ्याच्या काठावर जुनी बाभूळ होती. तिच्या काट्यांत, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, वाळलेलं गवत, उसाची पाचट आणि एक निळी प्लॅस्टिकची दोरी अडकलेली होती. "गेल्या परतीच्या पावसात पाणी इथवर होतं. तुमच्या पाइपात मावंल का?" आमच्या हिशेबात ते पाणी नव्हतंच. पाणलोटाचं क्षेत्र आम्ही नकाशावरून बरोबर काढलं होतं, पण कालव्याचं जास्तीचं पाणी त्याच ओढ्यात सोडतात हे नकाशात कुठे दिसणार? परत गणित केलं आणि पाइपाच्या जागी बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, धरली. मंजुरीला चार महिने लागले, खूप बोलणी बसली. पुढच्या पावसाळ्यात ती बॉक्स दोन-तृतीयांश भरून वाहिली, मी तिथे छत्री घेऊन उभा होतो. पाइप असता तर वरच्या अंगाची सगळी वस्ती पाण्यात गेली असती. म्हणून सांगतो, प्रत्येक मोरीपाशी वरच्या आणि खालच्या बाजूला दोन-दोन माणसांशी बोला आणि त्यांचं म्हणणं नोंदवहीत लिहा. जिथे शक्य आहे तिथे मोरी थोडी मोठी घेऊन आत एका कडेला कोरडी पायवाट ठेवा. कोल्हे, मुंगूस, साळिंदर त्यातून सहज जातात आणि रस्त्यावर येऊन मरत नाहीत. मोठ्या प्राण्यांसाठी काय करता येतं ते बघायचं तर नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचजवळ जा. तिथे राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग ठेवले, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये १८ जातींचे प्राणी, वाघांसह, त्याखालून जाताना दिसले.

झाडांवर येतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत असाल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा वृक्ष कायदा नीट वाचा. ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड हेरिटेज मानलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. हद्दीबाहेर नियम वेगळे. पण नियमाच्या आधी आखणी बघा. वडाची रांग एका बाजूला असेल तर रुंदीकरण पूर्णपणे दुसऱ्या बाजूला नेता येतं का? दोन्ही बाजूंना सारखं वाढवण्याचा हट्ट बहुतेक वेळा फक्त ड्रॉइंग सुबक दिसण्यासाठी असतो. स्थलांतर करायचंच तर वड, पिंपळ, उंबर यांचं करा, ही मंडळी चिवट असतात. चिंच-आंब्याचं यश कमी, बाभळीचं तर जवळपास नाहीच. आणि आज कंत्राट मिळालं, उद्या उपटलं असं करू नका. आधी अर्ध्या घेराला चर खणून मुळं स्वच्छ कापा, ओलं गोणपाट लावा, महिनाभर थांबा, मग उरलेला अर्धा घेर. आम्ही हलवलेल्या एका वडाला दीड महिन्याने खोडावर तांबूस कोंब दिसला तेव्हा टँकरवाल्या पोराने साइट ऑफिसात फोन करून सांगितलं होतं. तो कोंब त्यानेच जगवला, कारण दोन उन्हाळे एक दिवसाआड पाणी देणारा तोच होता.

नवीन झाडं लावताना एक विनंती. सासवड, जेजुरी, सुपे भागातलं माळरान हे पडीक रान नाही. तिथे लांडगे, चिंकारा आणि गवतात राहणारे पक्षी यांचं घर आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे चिंकारा बहुतांशी त्याच्या बाहेरच्या माळावर जगतो. तिथे भरपाईची झाडं म्हणून खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावली तर आपण एक घर मोडून वर त्याला हिरवा रंग दिला असं होतं. अशा पट्ट्यात गवतच राहू द्या, झाडं गावठाणाजवळ, ओढ्याकाठी लावा. पालखी मार्गावर मात्र सावली हीच मुख्य गोष्ट आहे. वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट ठेवली आहे, तिच्या कडेला वड, कडुलिंब, करंज, चिंच हवीत. दिवे घाट चढून आलेल्या म्हाताऱ्या माउलीला बोगनवेलीचा काय उपयोग? ती दुभाजकात ठीक. झाडांची ओळ डांबरापासून पुरेशी लांब ठेवा, म्हणजे रस्ता सोडून गेलेली गाडी खोडावर आदळणार नाही.

धुळीचंही इथेच सांगतो. पुरंदरच्या अंजिराचा मीठा बहार उन्हाळ्यात हाती येतो, आणि डायव्हर्जनची धूळही उन्हाळ्यातच उडते. धुळीने माखलेलं अंजीर बाजारात कुणी घेत नाही, आणि ते धुताही येत नाही. अशा बागांशेजारचं डायव्हर्जन कच्चं ठेवू नका. खरवडलेला डांबरी माल तिथे पसरून दाबला तर धूळ बसते आणि पाणीही वाचतं. चांगलं डायव्हर्जन वाहतुकीच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. हजारो गाड्या रोज अर्धा तास रांगेत उभ्या राहून जे डिझेल जाळतात ते तुमच्या कुठल्याच अहवालात येत नाही.

आता दुसरा प्रश्न, वरिष्ठांना पटवण्याचा. आधी कागदावरची स्थिती समजून घ्या. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत २०१३ साली झालेल्या बदलानुसार, रुंदीकरणाची लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि जादा जागा सध्याच्या मार्गावर ४० मीटरपेक्षा, बाह्यवळणावर ६० मीटरपेक्षा जास्त असेल तरच पर्यावरण मंजुरीची प्रक्रिया लागते. बहुतेक पॅकेजं त्याच्या आत बसतात. म्हणजे त्या मंजुरीच्या अटी विचारायला बाहेरून कुणी येणार नाही. झाडं आणि राखेसारखे वेगळे नियम सोडले, तर जे काही बंधन आहे ते बहुतांशी करारातच आहे. आणि करारात जे बीओक्यूच्या (कामांच्या आणि दरांच्या यादीच्या) बाबीत नाही, ज्याचं मोजमाप आणि बिल होत नाही, ते साइटवर होत नाही. सुपीक मातीचा ढीग, खरवडलेल्या मालाची शेड, झाडांना तीन उन्हाळे पाणी, हे सगळं स्वतंत्र बाब म्हणून, एककासह, दरासह मांडून घ्या. 'पर्यावरण व्यवस्थापन, एकरकमी' अशी एक ओळ असेल तर तिचं काय होतं ते मी वीस वेळा बघितलं आहे.

काम हायब्रीड ॲन्युइटीचं आहे का तेही विचारा. त्यात बांधकामाच्या काळात ४० टक्केच रक्कम मिळते, उरलेली पुढच्या १५ वर्षांत, आणि तोवर देखभालही कंपनीचीच. अशा कामात निचरा नीट नसलेला रस्ता कंपनीच्याच खिशातून दुरुस्त होतो. हा मुद्दा फायनान्सच्या माणसासमोर ठेवा, तो तुमच्या बाजूने लगेच उभा राहील.

बैठकीत जाताना एकच पान न्या. डावीकडे आजची पद्धत, उजवीकडे तुमची. पहिली ओळ रुपयांची, दुसरी डिझेलच्या लिटरांची, तिसरी टँकरच्या फेऱ्यांची, चौथी हायवाच्या फेऱ्यांची. कार्बनचा आकडा पाचव्या ओळीत, तो डिझेल-सिमेंटवरूनच काढता येतो. पूर्ण पॅकेज एकदम मागू नका. एक किलोमीटर मागा, शक्यतो प्लांटजवळचा, म्हणजे मालाचं तापमान आणि गुणवत्ता हातात राहते. त्या किलोमीटरचं मिलिंग ऑक्टोबरमध्ये लावा आणि शेड सप्टेंबरअखेर उभी करा. आणि यंदाचा परतीचा पाऊस सुरू झाला की आपल्या पॅकेजमधल्या सगळ्या मोऱ्या पायी फिरून बघा, प्रत्येकीपाशी पाणी कुठवर चढलं ते खडूने खुणवा आणि तारखेसह फोटो काढा. डिझाइनचा कन्सल्टंट तुमच्या आकडेमोडीवर शंका घेईल, त्या खडूच्या रेघेवर घेणार नाही.